कमलकाकूच्या कॅसेटमधला आवाज

हे मी आजवर कोणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — अन् तिच्यापासून माहं काही लपत नाही, बाहेर चहा पिऊन आलो तरी समजते तिले. मंग तुमच्याजवळ काहून बोलून राहिलो? तुमी माह्या दुकानात कधी येणार नाही, म्हणून असंल.

पयले काम सांगतो. अकोल्यात जुने टेप दुरुस्त करणारे आता उरले कुठं? मी आहे. अमरावतीहून लोक येतेत, पातूरहून येतेत. खोटी नम्रता मले जमत नाही — या कामात माहा हात कोणी धरू शकत नाही. मोटर घरघर करत असंल तं नुसतं ऐकून सांगतो, तेल सुकलं का बुश झिजला.

कमलकाकू बाळापूरच्या. पिशवीत स्पीकरवाला छोटा टेप अन् एकच कॅसेट घेऊन आल्या होत्या. लेक सुरतले दिलेली; तेव्हा घरी फोन नव्हता, म्हणून काका चिठ्ठीसारखी कॅसेट भरून पाठवत. काका गेल्यावर लेकीनं ही एक परत आणून दिली. तिच्यात काय? कापूस कसा झाला, म्हैस व्याली, अन् मधातच काकूवर डाफरणं — "थांब नं वं, मी बोलून राहिलो नं." काकू रोज संध्याकाळी तेवढंच ऐकत. आता मोटरीच्या घरघरीत तेच ऐकू येत नव्हतं.

शिलाई मशीनचं तेल सोडून पाहिलं. फरक नाही. मंग भंगारातल्या एका सेटची चांगली मोटर काढून बसवली. लोण्यासारखी फिरली. आता यात एक गोष्ट असते — मोटरीच्या मागं भोकात बारीकसा स्क्रू असते, त्याच्यावर स्पीड. जरा जास्त झाली का भारी माणसाचा आवाज पातळ होते. माह्या खणात माह्या मामाच्या भजनाची कॅसेट राहते. मामाचा सूर माह्या कानात पक्का. तिच्यावर स्पीड लावल्याशिवाय मी सेट देत नाही.

त्या दिवशी ती कॅसेट घरी होती. घर दोन गल्ल्या सोडून. गेलो का? नाही. काकूच्याच कॅसेटवर अंदाजानं लावली — ज्या माणसाले मी जन्मात ऐकलं नाही, त्याच्या आवाजावर. कानाचा माजच तेवढा होता.

काकू ऐकत बसल्या. मंग हळूच म्हणाल्या, "भाऊ, हा त्याइचा आवाज नाही. ते लय जड बोलत."

अन् मी हसलो. "काकू, इतके वर्षं झाले. तुमीच विसरल्या. मशीन खोटं नाही बोलत."

मले कोणी चूक म्हणते म्हणजे काय — एवढंच होतं माह्या डोक्यात. त्या बाईनं नवऱ्याचा आवाज कानात जपला होता, अन् मी तो उभ्या उभ्या खोटा ठरवला. "असंल भाऊ," म्हणाल्या, पिशवी उचलली अन् गेल्या.

पुढच्या वर्षी बेल्ट बदलायले आल्या. या खेपी खणात कॅसेट होती, सवयीनं लावली. मामा धावत धावत गाऊन राहिला होता. म्हणजे त्या दिवशी स्पीड मीच जास्त ठेवली होती. काकू खऱ्या होत्या.

पेचकस घेतला. स्क्रू जरासा फिरवला असता का झालं असतं. तेवढ्यात बाकावरून काकू म्हणाल्या, "बेल्टच टाका भाऊ, आवाजाले हात नोका लावू. तुमी म्हणत होते तेच खरं, मीच भुलली होती. आता तं ते सपनातही असेच बोलतेत."

मी पेचकस खाली ठेवला. बेल्ट टाकला, टेप हातात दिला. जातानी माह्या डोक्यावरून हात फिरवून गेल्या.

त्या आजही तोच आवाज ऐकतेत. काकूची दया आली म्हणून गप्प राहिलो, असं मी स्वतःले लय दिवस सांगून पाहिलं. दया नव्हती. दुकानात गिऱ्हाइकं बसून होते, अन् त्याइच्या देखत मले चुकलो म्हणायचं नव्हतं.