साडूंचा जपानी मंगा

माझे साडू वसंतराव जपानला जाऊन आले, हा माझ्यावर झालेला वैयक्तिक अन्याय होता.

ते एका कारखान्यात यंत्रांवर होते, मालकांनी शिकायला पाठवलं. मी भोकरदनला शाळामास्तर. शाळेनं मला फार तर जालन्याला पाठवलं होतं, खडूच्या पेट्या आणायला. त्यात आला अधिक महिना. धोंड्याच्या जेवणाला आम्हा दोन्ही जावयांना जुन्या जालन्यातल्या सासुरवाडीचं आमंत्रण! पाट शेजारी शेजारी मांडले होते, पण तूप वाढताना सासूबाईंचा हात वसंतरावांच्या ताटावर जास्त वेळ थांबला. मी काही बघत नव्हतो. (बघत होतो.)

जेवणं झाल्यावर वसंतरावांनी पिशवीतून एक जाडजूड पुस्तक काढलं. पानोपानी चौकटी, चौकटीत चित्रं आणि पोरींचे डोळे एवढे मोठे की आत चांदण्या मावाव्यात. (चित्रकारानं काढल्याही होत्या!) याला तिकडे मंगा म्हणतात, ते सांगू लागले. मुलांचे मारामारीचे वेगळे, नोकरदारांचे वेगळे, आणि मुलींचे हे असे प्रेमाबिमाचे. रेल्वेत मोठी माणसंसुद्धा वाचत बसतात. माझी बायको कुसुम गालावर हात ठेवून ऐकत होती. माझं बोलणं तिनं असं कधीच ऐकलं नव्हतं. मी नुसता जळत होतो.

वसंतराव पान आणायला बाहेर पडले आणि मी पुस्तकावर झडप घातली. गोष्ट मी सांगतो, म्हणालो, भाषा कशाला लागते? पुस्तक उघडलं तर पहिल्याच पानावर साबणाची जाहिरात. जपानी माणूस पक्का व्यापारी, आधी जाहिरात देतो, असा खुलासाही करून टाकला.

मग गोष्ट सुरू. लग्न लागलं. पुढच्या पानांवर पोरगी रडतेय. मग कडाक्याचं भांडण. मग दोघं रस्त्यात भेटतात तर ओळखसुद्धा दाखवत नाहीत. शेवटी नवऱ्याचा पत्ताच नाही आणि ती झाडाखाली दप्तर घेऊन एकटी हसत बसलीय!

"बिलकुल असंच असतंय," सासूबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या. माझी छाती फुगली.

एवढ्यात कोपऱ्यात आडवे झालेले सासरे उठून बसले. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेला माणूस. त्यांनी पुस्तक घेतलं, फिरवलं आणि रोजचा उर्दू पेपर उघडावा तसं दुसऱ्या बाजूनं उघडलं.

"जावईबापू, हे उर्दूवानी उजवीकडून वाचायचं. तुम्ही उलटे चालून राह्यलात. पोरगी शाळंत हसून राह्यली, मंग पोरगा भेटला, भांडण झालं, अन् मंग लग्न."

"बराबर हाय, मामा," दारातून वसंतराव म्हणाले. "मलाबी पहिल्यांदा न्हाई कळलं."

हे त्यांनी कबूल केलं म्हणून सगळ्यांना त्यांचं आणखीच कौतुक! स्वतःचं अज्ञान सांगण्यातही तो माणूस माझ्या पुढे गेला.

परतीच्या एसटीत मी तोंड पाडून बसलो होतो. कुसुम हळूच म्हणाली, "खरं सांगू? मला तुमचीच गोष्ट आवडली. शेवटाला पोरगी किती मोकळी हसून राह्यली."

वसंतरावांना हरवल्याच्या आनंदात मी राजूरपर्यंत शीळ घातली. राजूरला लक्षात आलं, की माझ्या गोष्टीतली पोरगी नवरा गेल्यावरच हसायला लागली होती.