आबांची फटफटी आणि मारुतीचं वळण

सायकलच्या दुकानापुढे बाकडं ठेवावं, पण त्यावर रिकामटेकडी माणसं बसू देऊ नयेत. पंक्चर निघतं आणि जातं, किस्से मात्र तिथंच साचत राहतात! नंदुरबारच्या रसूलचाचांच्या बाकड्यावर लढाईच्या दिवसांत जेवढे साचले, त्यातले निम्मे एकट्या सुपडूआबांचे. मी तेव्हा कचेरीत नक्कलनवीस होतो, म्हणजे बाकड्यावर बसायला मला सरकारी फुरसत होती.

सुपडूआबा तापीकाठचे पाटील. मायदेशी परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाची फटफटी त्यांनी विकत घेतली, ती एकाच कारणासाठी. धाकटी लेक तापीपलीकडे खापरला दिलेली. तिला मुलगा झाला होता आणि आबांनी अजून नातवाचं तोंड पाहिलं नव्हतं. सर्व्हिस मोटार पेट्रोलअभावी बंद, बैल कपाशी वाहण्यात गुंतलेले. वर लेकीचा निरोप, आबा, फटफटीवरच या. तिचं नाव निघालं की या दांडग्या माणसाचे डोळे भर बाजारात भरून यायचे. पण तापीच्या उतारावर पोलीस लायसन मागायचा, आणि लायसनची परीक्षा घ्यायला धुळ्याचा साहेब महिन्यातून एकदाच यायचा.

*

त्याच सुमारास रस्त्यावर पट्टा आला. लढाईमुळे गाड्यांचे दिवे झाकलेले, म्हणून स्टेशन ते कचेरी या डांबरी रस्त्याच्या मधोमध पांढऱ्या तेलरंगाची रेघ ओढायचा हुकूम निघाला. गावात दोन मोटारी, एक फटफटी आणि बाकी सगळ्या बैलगाड्या. बैलाला दिवा नसतोच, तर झाकणार काय, हे विचारायची सोय नव्हती.

पहिल्या दिवशी बायका रांगोळी ओलांडू नये म्हणून लुगडं सावरून, पाय उंच उचलून पलीकडे गेल्या. बाजाराला आलेली निम्मी माणसं एकामागोमाग एक रेघेवरूनच चालत सुटली. सरकारनं एवढी सरळ वाट आखून दिलीय, मग तिच्यावरून चालायला नको?

*

फौजदारांनी आबांना कायदा समजावला. रेघेच्या डावीकडून जायचं, रेघ ओलांडायची नाही, वळणावर थांबायचं नाही. येतानाही आपल्या डाव्या हातानंच यायचं. आबांनी मन लावून ऐकलं.

"डावीकडथीन जासू, डावीकडथीनच येसू. मंग उजवी बाजू कोनासाठे शे?"

फौजदार म्हणाले, समोरून येणाऱ्यासाठी. आबा म्हणाले, समोरून येणारी दुसरी फटफटी उभ्या तालुक्यात नाही. फौजदारांनी पान तोंडात टाकलं आणि विषय संपवला.

*

कायदा फौजदारांचा, पण जीव सांभाळायची शिकवणी रसूलचाचांची. चाचांचं घराणं तीन पिढ्यांपासून गावात. आधी टांग्याची चाकं, मग सायकली, आता ही फटफटी. त्यांचं म्हणणं, दवानं भिजलेला तेलरंग म्हणजे शेवाळलेली पायरी. चाक त्यावर गेलंच तर ब्रेक दाबायचा नाही, गाडी कलती करायची नाही, पेट्रोल वाढवायचं नाही. सरळ, हळू, दम धरून उतरायचं. आबांनी पंधरा दिवस सराव केला आणि खरंच हात बसवला.

एकच भानगड होती. कचेरीच्या अलीकडच्या वळणावर, उजव्या अंगाला मारुती. मारुती दिसला की आबांचे दोन्ही हात आपोआप जोडले जायचे. सगळा जन्म बैलगाडीत गेलेला. कासरा सोडला तरी बैलांना वाट ठाऊक असते. फटफटीला नसते.

"आबा, भगवान बडा है, मगर हॅन्डल मत छोडो!" चाचा रोज बजावायचे.

*

पहिल्या परीक्षेला साहेब वही घेऊन वळणावर उभा. आबांच्या बायकोनं, म्हणजे आक्कांनी, डिंकाच्या लाडवांचा डबा कॅरियरला बांधून दिलेला. पास व्हायचं आणि परस्पर खापर गाठायचं! आबा झोकात आले. मारुती दिसला, हात जोडले गेले, फटफटी देवाकडे वळली, ओल्या पट्ट्यावर घसरली आणि आबा मारुतीच्या ओट्यापाशी साष्टांग. साहेबानं लिहिलं, नापास.

डबा घेऊन घरी कुठल्या तोंडानं जायचं? तो बाकड्यावर आला. लाडू आम्ही जड अंतःकरणानं खाल्ले.

दुसऱ्या खेपेला चाचांनी तोड काढली. हात सोडायचे नाहीत, नुसती मान लववायची. आबांनी मान लववली, हात पक्के राहिले. पण नमस्कार करताना डोळे मिटतात, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं! आबा डोळे मिटून रेघेपलीकडे, थेट कडब्याच्या गाडीत. पुन्हा नापास, पुन्हा डबा. या वेळी आक्कांनी खारीक जास्त घातली होती.

त्या दिवशी मात्र आबा बाकड्यावर बसून रडले. साहेबानं सांगितलं होतं, तिसऱ्यांदा चुकलात तर लढाई संपेपर्यंत फटफटी कचेरीत जमा. खापरहून आलेला माणूस सांगत होता, नातू रांगायला लागला. समजूत घालायची, तर आमच्या तोंडात लाडू होता.

*

तिसऱ्या खेपेला साहेब इरेला पेटला. म्हणाला, मी स्वतः मागे बसतो, बघू कसे हात सोडता ते. धुळ्याचाच माणूस, पण कोट, हॅट आणि कडक इस्त्री. देवधर्म घरी ठेवून यावा, हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आम्ही सगळे मारुतीपाशी उभे. साहेब कॅरियरवर, म्हणून डबा आक्कांच्या हातात. रात्रीचं दव अजून रेघेवर चमकत होतं. फटफटी वळणावर आली. आबांचे हात हॅन्डलवर, डोळे रस्त्यावर, चाक रेघेपासून हातभर डावीकडे. मारुती समोर आला तसा आबांचा चेहरा कावराबावरा झाला. मग मान न वळवता ते मोठ्यानं म्हणाले,

"साहेब, मन्हा हात गुतेल शेतस. मारोती वना. तुम्ही जोडा!"

आणि साहेबानं दोन्ही हात जोडले.

हॅट उडून रेघेपलीकडे गेली. फटफटी डावीकडूनच, सरळ, कचेरीपुढे जाऊन थांबली. साहेबानं बोडक्या डोक्यानं सीटवर कागद ठेवून सही केली. आक्का धावत गेल्या, डबा कॅरियरला बांधला, गाठ दोनदा ओढून पाहिली. आबांनी इंजिन बंद केलंच नव्हतं.

आम्ही परत बाकड्यावर येऊन बसलो. त्या दिवशी लाडू नव्हते.