माट्टीच्या वळणावरची मुकी गाडी

भुताला घाबरायला आमच्या घरात कधी कुणाला फुरसतच नव्हती. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून काही जण म्हणतील — डिचोलीकडची मुलगी, लहानपणापासून असल्या गोष्टी ऐकत आलेली असणार. ऐकत आलेय. मानलं मात्र नाही.

बाबा खाणीवरचे ट्रक ड्रायव्हर. ट्रक स्वतःचा. खाणी बंद झाल्या आणि तो अंगणात निळ्या प्लास्टिकखाली उभा राहिला. आधी उंदरांनी वायरी खाल्ल्या, मग टायर चिरले, शेवटी भंगारवाला आला. माझ्या डोळ्यांदेखत गॅस कटरने त्याचे तुकडे केले, हॉर्नसकट. तो हॉर्न बाबांनी हौसेने बसवलेला... दोन सुरांचा, दुसरा सूर जरा फाटलेला. लांबून तो ऐकला की आई पान वाढायला घ्यायची.

त्यानंतर आई शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात भाजी घेऊन बसायची आणि बाबा सोप्यावर. बोलणं कमी झालं, मग रागावणंही. आईच्या भाजीवर मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, ऑटोमोबाईल इंजिनियर. म्हापशाजवळच्या एका वर्कशॉपमध्ये हायब्रिड गाड्यांचे बिघाड शोधायचं काम मी करते. तिथे मी एकटीच मुलगी, आणि हे सांगताना मी लाजत नाही.

पगारातून मी एक जुनी हायब्रिड घेतली आणि चावी बाबांच्या हातात ठेवली. आमच्या गावावरच्या डोंगरात एक रिसॉर्ट आहे. तिथल्या पाहुण्यांना पहाटे अस्नोडा, कोलवाळ, धारगळ करत मोपाच्या विमानतळावर सोडायचं काम मिळालं. मॅनेजरची अट एकच — रिसॉर्टच्या आसपास हॉर्न नाही, इंजिनचा आवाज नाही. म्हणून तर हायब्रिड, हळू चालवली की नुसत्या बॅटरीवर मुकाट जाते.

“शांतता विकतात ते?” बाबा म्हणाले. “आमी ती फुकट घेवन बसलेले, खाणी बंद झाल्यापासून.”

किती वर्षांनी त्यांनी विनोद केला होता! आई आत जाऊन डोळे पुसून आली.

पावसाळा बरा गेला. डिसेंबर लागला आणि सुरू झालं. आधी ॲव्हरेज पडलं, जवळजवळ निम्म्यावर. मग गाडी चालूच होईना. पाहुण्यांना मोपाला सोडून बाबा परत यायला बटण दाबायचे... ‘रेडी’चा दिवा लागायचाच नाही. दोनदा मी वर्कशॉप सोडून धावले, आणि रिसॉर्टवर पुढचे पाहुणे खोळंबले. विमानतळाच्या स्टँडवरचे टॅक्सीवाले हसायचे. “बाय, गाडयेक थंडी लागता? स्वेटर घाल तिका!”

थंडीत हायब्रिडचं ॲव्हरेज पडतं हे खरं. बॅटरी गार असली की चार्ज नीट घेत नाही, इंजिन स्वतःला तापवायलाच चालू राहतं. पण ते बर्फाच्या देशात. आमच्याकडे थंडी म्हणजे गवतावर दंव, आणि आठ वाजता ऊन.

मी पद्धतशीर शोधलं. अशा गाडीची मोठी बॅटरी कितीही चांगली असो, कॉम्प्युटर जागा करायला लहान बारा व्होल्टची बॅटरी लागते. ती खरंच कमजोर होती, बदलली. थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता, म्हणून इंजिन तापत नव्हतं. तोही बदलला. बॅटरीच्या पंख्याची जाळी खाणीच्या लाल धुळीने बुजलेली, साफ केली. टायरची हवा बघितली, किल्लीतला सेलसुद्धा बदलला. आठवडाभर मी स्वतः गाडी म्हापशाला नेली-आणली. ॲव्हरेज झकास, एका बोटात चालू.

बाबा रिसॉर्टला गेले, आणि मोपाला पुन्हा बंद.

मॅनेजरचा फोन आला. “अजून एकदा असं झालं तर दुसरी गाडी बघणार.” बाबांनी संध्याकाळी चावी माझ्यापुढे ठेवली.

“दुसरो ड्रायवर बघ बाय. तुझ्या हातात गाडी बरी असता. माझो हातच गेलो.”

ते पुन्हा सोप्यावरच्या त्या जागेवर जाऊन बसले. मी चावी उचलून त्यांच्यामागे गेले. मी म्हटलं, “उद्या मी येते. स्कॅनर लावते. दोष तुमचा असेल तर स्कॅनर सांगेल, नाहीतर गाडीचा सांगेल.”

उजाडता उजाडता आम्ही निघालो. बाबा चालवत होते, मी शेजारी, मांडीवर स्कॅनर. पुढे पाववाल्या पोदेराची सायकल, तिच्या मागे पावांची टोपली. रिसॉर्टच्या खाली एक वळण आहे, माझ्या म्हापशाच्या वाटेवर ते लागत नाही. तिथून खाणीचा जुना रस्ता वर जातो. त्यावर आता हातभर रान. वळणावर माट्टीचं मोठं झाड, खाली राखणदाराचा, म्हणजे गावाची वेस राखणाऱ्या देवाचा दगड. त्या वळणावर एकही घर नाही, तरी पोदेराने तिथे भोंपू दाबला. पों पों... आणि गेला.

“घर नसताना कुणाला पाव विकतो?” मी हसले.

बाबा हसले नाहीत. “सांगून जाता तो. आमी ट्रकवालेय हॉर्न मारी. आपण जाता तें राखणदाराक कळूंक जाय. गुपचूप जाता तो चोर.”

“मग तुम्ही आता...?”

“पावसाच्या आवाजात मारी, वयर ऐकूं येना. आता कसो मारू? मॅनेजरान नको म्हटलां मगो. तूय म्हटलंस, ऐका त्याचं.”

गाडी बॅटरीवर, मुकी सरकत होती. स्कॅनरवर बॅटरीचं तापमान चोवीस. झाडाची सावली बॉनेटवर आली आणि आकडा खाली यायला लागला. एकोणीस. बारा. मला वाटलं, सेन्सर गेला. पण माझ्या बोटांनाही थंडी झोंबली. काचा आतून धुरकट झाल्या. चार! मग स्कॅनर, डॅशबोर्ड, दिवे... सगळं एकदम काळं. गाडी दगडाच्या समोर थांबली.

बाबांनी हॉर्न दाबला. आवाज नाही. पुन्हा दाबला. नाही. एकही पक्षी बोलत नव्हता.

ते उतरले. चपला काढून दगडासमोर उभे राहिले आणि हात जोडून गाऱ्हाणं घालायला लागले. 

“बा राखणदारा... मी खाणीवरचो ड्रायवर. हॉर्नावरसून वळखी मरे तू माका? तो ट्रक गेलो. ही गाडी माझ्या चेडवान घेतल्यान. ती आवाज करीना, म्हणान तुका कळूंक नाय. आमी चोर नाय, बा. वाट दी.”

मी काचेतून बघत होते. दरवाजा उघडण्याचं धाडस मला झालं नाही, खोटं कशाला सांगू.

आणि तेव्हा वरून, त्या रान माजलेल्या खाणीच्या रस्त्यावरून, हॉर्न आला. ट्रकचा. दोन सूर... दुसरा फाटलेला.

बाबांचे जोडलेले हात सुटले. ते वळून माझ्याकडे बघत राहिले. मी तो हॉर्न कापताना पाहिलाय. त्याचे तुकडे तराजूवर पडताना पाहिलेत.

पुढच्याच क्षणी डॅशबोर्ड उजळला आणि ‘रेडी’चा हिरवा दिवा लागला. ड्रायव्हरची सीट रिकामी होती. किल्ली बाहेर, बाबांच्या खिशात. ब्रेक दाबल्याशिवाय आणि बटण दाबल्याशिवाय ती गाडी ‘रेडी’ होऊच शकत नाही. स्कॅनर परत जिवंत झाला तेव्हा तापमान चोवीस होतं.

मला वाटलं असतं, आम्हा दोघांना भास झाला. पण रिसॉर्टच्या गेटवर मॅनेजर लालबुंद होऊन उभा होता.

“ट्रकचा हॉर्न बसवलाय की काय गाडीला? गेस्ट जागे झाले सगळे! कोणाचा होता तो?”

“माझो,” बाबा शांतपणे म्हणाले.

त्या दिवशी मोपाहून गाडी एका बोटात चालू झाली.

मी हात टेकले नाहीत. सेन्सर बदलून पाहिला. जुना तपासला, तोही ठीक निघाला. वायरिंग, रिले, सगळं उघडून बसवलं. वर्कशॉपमधले सीनियर म्हणाले, लूज कॉन्टॅक्ट असेल. असेलही, त्याने आकडा चुकेल. पण माझी बोटं? एवढ्या वजनाची बॅटरी एका वळणात वीस अंशांनी गार होत नाही आणि लगेच परत तापत नाही. हे मी परीक्षेत लिहून पास झालेय. त्या हॉर्नाला तर लूज कॉन्टॅक्टही लागू पडत नाही. एका दुपारी खाणीच्या रस्त्यावर जाऊन आले. रान जसंच्या तसं, चाकाची खूण नाही. माझ्याकडे याचं उत्तर नाही. असलेल्यांनी जरूर लिहावं.

मॅनेजरला मी स्पष्ट सांगितलं — त्या वळणावर हॉर्न वाजणार, चालत नसेल तर दुसरी गाडी बघा. त्याने अजून बघितलेली नाही. बाबा वळणावर रोज हॉर्न मारतात आणि पुढे जातात. मी सोबत असले की काच वर करून घेते. वरून काही येतं का, ते मला ऐकायचं नसतं.

गेल्या हिवाळ्यात बाबांच्या एकाही पाहुण्याचं विमान चुकलं नाही. सोप्यावरची ती जागा आता रिकामी असते.