मोजून झिजलेला दात

मंगळवार, ४ नोव्हेंबर २०२५, सकाळी ९ वाजून ४० मिनिटे. सिडकोतल्या माझ्या दवाखान्यात कवळीसाठी मेण वितळवले आणि त्या गोडसर, धुरकट वासाने मला दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नेऊन बसवले.

मेणाच्या ठोकळ्यातून वरचा, समोरचा दात कोरायचा होता. रुंदी साडेआठ मिलिमीटर हवी. आठच्या खाली गेली की नापास. मला तर पहिला क्रमांक हवा होता, म्हणून जरासे कोरले की मी लगेच व्हर्नियर कॅलिपर लावून रुंदी पाहत असे. बोटे घामेजली होती, त्यांच्या उबेने मेण मऊ पडत होते आणि काहीही न कोरता आकडा खाली उतरत होता.

शेजारी बसलेली सिल्लोडची शबाना कुजबुजली, "अगं, श्वास तरी घे. मेणाचा दात हाय, त्याला दुखत नाय!"

मला हसू आले नाही, कारण परीक्षक मॅडम मागे येऊन उभ्या होत्या.

"कोरतेस कमी, मोजतेस जास्त," त्या म्हणाल्या. "व्हर्नियरचे जबडे मेण खरवडतात, बाई. मोजून मोजून झिजवलास दात. दे तो व्हर्नियर इकडे. आता डोळ्यांनी कोर."

पुढचा अर्धा तास मला निव्वळ भीतीचा वाटला होता. माझा हात त्याच अर्ध्या तासात शिकला, हे आज कळते. वेळ संपल्यावर मॅडमनी व्हर्नियर परत दिला. "एकदाच मोज."

मी एकदाच मोजले आणि उत्तरपत्रिकेवर रुंदी लिहिली: ८.१ मिलिमीटर.