बैलांच्या तोंडाचा वास

कोरड्या जमिनीवर गोमाला धड चालता येत नसे. घरातून निघताना तो उंबऱ्याला ठेचकाळे, अंगणात तुळशीच्या कट्ट्याला, आणि रस्त्याला लागल्यावर समोरून येणाऱ्या सभ्य माणसाला. लग्नात अंतरपाट दूर होताच तो पुढे झाला तो थेट भटजींच्या पळी-पंचपात्रात. त्याची बायको जनी हे अजून कुणालाही, न विचारता, सांगते.

पण हाच गोमा चिखलात उतरला की बघत राहावं!

भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी, करण्याआधी खाचरात पाणी भरून नांगर फिरवतात. झालेला चिखल सपाट करायला बैलांच्या मागे एक जाड लाकडी फळी बांधतात आणि तिच्यावर माणूस उभा राहतो. त्याच्या वजनाने चिखल बसतो. काम एवढंच. यात अक्कल लागत नाही, वजन लागतं, असं गोमाच्या गावचे, कोंडाण्याचे म्हातारे सांगत. पण आवणी उरकत आली, अंगं मोकळी झाली की त्या भागातल्या लोकांना हेच काम पुन्हा एकदा, विनाकारण आणि जिवाच्या आकांताने करावंसं वाटे. मग एखादं मोठं खाचर मुद्दाम शेवटी ठेवायचं आणि त्यात फळीची शर्यत लावायची. बैल उधळत, फळी घसरत जाई, आणि फळीवरचा माणूस बहुतेक वेळा फळीवर नसे. तो मागे कुठेतरी चिखलातून डोकं वर काढत असे आणि त्याची बायको बांधावरून तोंडाला पदर लावून हसत असे.

गोमाची बायको हसत नसे. तिला तशी संधीच मिळत नसे. हातात कासरा, गुडघे वाकवलेले, मान पुढे, असा तो एखाद्या बगळ्यासारखा फळीवर उभा राही. वळणावर एवढा कलंडे की कोपर चिखलाला लागे, आणि बायामाणसं "गेला गं गेला" म्हणेपर्यंत पुन्हा सरळ. त्याचे चांद्या आणि बांड्या हे बैल दिसायला अगदी सामान्य. बांड्या तर जरा खांद्यात बसकाच. पण मागे गोमा असला की दोघांना पाय आहेत की पंख, हे कळत नसे. सगळ्या पट्ट्यात गोमाला हरवणारा कुणी राहिला नव्हता. एक मालोजी सोडला तर हरवण्याची इच्छाही कुणाला राहिली नव्हती.

मालोजी नदीपलीकडच्या वाडीतला. बैल देखणे, शिंगं रंगवलेली, स्वतः उंचपुरा, कमी बोलणारा. शर्यत कुठलीही असो, तो दुसरा येई. एकदा दुसरं येण्याचं काही वाटत नाही. पण लोक जेव्हा "दुसरा कोण ते सांगू नका, ठाऊकच हाय" असं म्हणायला लागतात, तेव्हा भल्या माणसाचंही डोकं फिरतं.

त्या वर्षी कशेळ्याच्या शर्यतीत गोमा जिंकला. पंच आबाजी त्याच्या खांद्यावर बक्षिसाची घोंगडी टाकणार, एवढ्यात मालोजी चिखलासकट पुढे आला.

"थांबा. या बैलांच्या तोंडाला वास येतोय."

"कसला वास?"

"दारूचा. यानं बैलांना दारू पाजलीया. बैल आपल्या पायानं नाय, मोहाच्या पायानं धावलेत."

सगळ्यांच्या नजरा बांधाकडे गेल्या. ते दिवस दारूबंदीचे. पोलीस पाटील तिथेच बांधावर छत्री घेऊन उभे होते. आबाजींनी घसा खाकरून विचारलं, "दारूचा वास कुणाला ओळखता येतो? त्यानं पुढं यावं."

एकही माणूस पुढे आला नाही. जे रोज संध्याकाळी ओळखत होते ते आभाळाकडे बघू लागले. दोघांना अचानक घरी काम निघालं.

"मग मालोजीराव, तुमाला कसा वो कळला?" बांधावरून एका म्हातारीने विचारलं.

"ऐकून," मालोजी म्हणाला. "ऐकून ठावं हाय."

हशा पिकला, पण तो गोमाच्या कामाचा नव्हता. आरोप एकदा चिखलात पडला की धुऊन निघत नाही. "अवो, रातची आंबलेली पेज हाय ती!" जनी ओरडून सांगत होती. "आमी कोंडा घालून रोज देतो, इचारा कुणालाबी!" पण पेज पिऊन बैल असे धावतात हे कुणाला पटेना. उलट लोकांना आता एकेक आठवायला लागलं. मागच्या साली बांड्याचे डोळे लाल होते, नाय का? आणि वळणावर चांद्या हसल्यासारखा नव्हता का दिसला? काल गोमाच्या नावाने शिट्ट्या मारणारेच हे आठवत होते. गोमाने त्या तोंडांकडे पाहिलं आणि घोंगडी आपल्या हाताने खाली ठेवली.

आबाजींनी बराच वेळ मिशी ओढून निवाडा दिला. पुढची शर्यत तीन आठवड्यांनी पळसदरीला. तोपर्यंत चांद्या-बांड्या मालोजीच्या गोठ्यात राहतील, मालोजी घालेल ते खातील, आणि गोमाने त्यांच्याजवळ फिरकायचं नाही. बैल तसेच धावले तर आरोप खोटा. नाही धावले तर गोमाने जन्मात पुन्हा शर्यतीच्या फळीवर पाय ठेवायचा नाही.

गोमा घरी आला तो उंबऱ्याला ठेचकाळून तिथेच बसला. फळीवरून उतरवलेला गोमा म्हणजे उरलेलं आयुष्य नुसतं ठेचकाळणं.

"तो उपाशी मारंल त्यांना," शेवटी तो म्हणाला.

"मालोजी मारंलबी," जनी म्हणाली. "पर घरात त्याची बायको आनंदीबाई हाय ना. ती पाहुण्याला जेवल्याशिवाय हलू देत नाय. मग पाहुण्याला शिंगं असोत नायतर टोपी असो."

आणि झालंही तसंच. मालोजीच्या दारावरून आता सगळा मुलूख जाऊ लागला. ज्यांचा रस्ता नव्हता तेही वळसा घालून येत, गोठ्यात डोकावत आणि म्हणत, "बरगड्या दिसाया लागल्या जनू?" बैल वाळले असते तर गोमाच्या आधी मालोजीचं नाव गेलं असतं. त्यामुळे हिरवं गवत आधी चांद्या-बांड्याला आणि उरलंसुरलं घरच्या रंगीत शिंगांना, असा प्रकार सुरू झाला. आनंदीबाई दोघांना जावयांसारखी वाढत होती. कर्जतच्या बाजारात तिने जनीला गाठून पेज कशी आंबवायची तेही विचारून घेतलं.

"पर गं जने, तो बांड्या खातच नाय धड," ती म्हणाली. "तोंड लावतो नि आमच्याकडं बघत बसतो."

"बोललं पायजे त्याच्यासंगं. आमचं मानूस खायला घालताना सारखं बोलतं."

आली का पंचाईत! मालोजी हा लग्नाच्या बायकोशीही पाऊस आणि मीठ या दोनच विषयांवर बोलणारा माणूस. त्याने दुसऱ्याच्या बैलाशी बोलायचं तरी काय? पण बैल खाईना. शेवटी, आनंदीबाईने पुढच्या बाजारी जनीला सांगितलं ते असं, की मालोजी गोठ्यात गेला, इकडे तिकडे बघितलं आणि बांड्याला म्हणाला, "तुजा मालक लुच्चा हाय." बांड्याने कान हलवले आणि गवताला तोंड लावलं. मालोजीला हुरूप आला. मग त्याने गोमाचा सगळा पाढा वाचला, तो संपल्यावर भावाने बळकावलेल्या बांधाचा, त्यानंतर सासऱ्याचा. आता तो गोठ्यातून लवकर बाहेरच येत नाही.

जनीने हे घरी सांगितलं तेव्हा गोमाला हसावं की रडावं कळेना. इकडे तो रिकाम्या दावणीसमोर बसून बोलत होता. "माज्याशी कवा येवढं बोललात?" असं जनीने म्हटलं, तेव्हा तो दचकला आणि त्या दिवसापासून तिच्याशी बोलू लागला. पण मधेच थांबून विचारी, "जने, इसरले तर नसतील गं मला?"

"इसरायला ती काय मानसं हायेत?"

पळसदरीचं खाचर रेल्वेच्या रुळांना लागून होतं. शर्यतीच्या दिवशी घाट चढणारी गाडी इतकी सावकाश गेली की ड्रायव्हरला नक्कीच शर्यत बघायची होती, असं लोक म्हणाले. मालोजी चांद्या-बांड्याला घेऊन आला आणि कासरा गोमाच्या हातात देऊन दुसरीकडे बघत उभा राहिला. बैल पोटाने चांगलेच सुटले होते. गोमाने बांड्याच्या पोटावरून हात फिरवला. तो बांध उतरताना नेहमीप्रमाणे घसरला, फळीवर चढला, आणि बैलांना फक्त एवढंच म्हणाला, "आलो रं."

पुढचं सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. चिखलाचं एक कारंजं या टोकाकडून त्या टोकाकडे गेलं, वळलं, त्यात एक कोपर बुडून वर आलं, आणि गोमा पहिला होता. मागोमाग, दोन कासऱ्यांच्या अंतराने, मालोजी. दुसरा.

जनी बांधावरच खाली बसली. आता आरोप मिटला असं तिला वाटलं. तेवढ्यात खालापूरकडच्या गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "औषध! बैलांना औषध दिलंय! सुटलेल्या पोटाचे बैल असे धावत्यात व्हय?" त्याबरोबर आणखी चार तोंडं उघडली.

आबाजींनी मालोजीकडे पाहिलं. "बैल तुझ्याकडं होते. तूच सांग. काही खाल्लं का यांनी?"

सगळ्यांना कळत होतं. "मला ठाऊक नाय" एवढं मालोजी म्हणाला असता तरी घोंगडी त्याच्या खांद्यावर पडणार होती. गोमाने डोळे मिटून घेतले. या माणसाकडून आपण काय मागणार, असं त्याला वाटलं, आणि कासऱ्यावरची मूठ सैल झाली.

मालोजीने तोंडावरचा चिखल पुसला.

"खाल्लं की," तो म्हणाला. "माज्या बांधावरचं गवत खाल्लं. माज्या बायकोनं आंबवलेली पेज पिली. जो वास मला कशेळ्याला आला, तोच आता माज्या गोठ्याला येतोय. दारूचा नव्हता तो. चुकलो मी." मग तो गर्दीकडे वळला आणि एरवी वर्षभरात बोलत नसे एवढं एका दमात बोलला, "माज्या दारी जेवलेल्या बैलांना कोन औषध म्हनतो रं? पुढं ये! आधी माज्या तोंडाचा वास घे!"

पोलीस पाटलांनी छत्री मिटली आणि उत्सुकतेने एक पाऊल पुढे टाकलं. पण बाकी कुणी आलं नाही.

घोंगडी गोमाच्या खांद्यावर पडली. दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. शेवटी गोमा म्हणाला, "पोटं लईच सुटलीत रं बैलांची."

"ते आनंदीला सांग," मालोजी म्हणाला. "मी बोललो तर मलाबी जेवू घालंल."

परतीच्या वाटेवर सगळी मंडळी बरोबर निघाली. पुढे बैल, मागे माणसं, सर्वांत मागे जनी आणि आनंदीबाई, ज्यांचं बोलणं मुळी थांबलंच नव्हतं. नदीजवळ वाट फुटली. डावीकडे कोंडाणे, उजवीकडे मालोजीची वाडी. चांद्या थबकला. बांड्याने गोमाकडे पाहिलं, मालोजीकडे पाहिलं, आणि शेपूट उडवून सरळ उजवीकडे वळला. चांद्या त्याच्यामागे.

"अरं, अरं! घर तिकडं हाय!" गोमा ओरडला.

"चला वो," मागून आनंदीबाई म्हणाली. "गेल्या गेल्या चूल पेटवते."

गोमाने क्षणभर विचार केला, एका दगडाला ठेचकाळला आणि बैलांच्या मागोमाग उजवीकडे वळला.