बाहेरून लावलेली कडी

अकोल्यातल्या एका मंगल कार्यालयातून फोन आला, तेव्हा मी बाजारात वांगी निवडत होतो. बोलणारा माणूस अनोळखी होता. "तुमचे ते शूटिंगवाले गजाननभाऊ... हळदीचं शूटिंग करता करता खुर्चीत बसले, अन् उठूनच नाई राहिले," एवढंच तो म्हणाला. मी ऑटोनं पोचलो तोवर डॉक्टर येऊन गेले होते. नवरीकडच्या बायकांनी हळदीच्या हातांनीच गजूवर चादर पांघरली होती. बसण्याआधी त्यानं कॅमेरा नीट बंद करून बॅगेत ठेवला होता... पन्नाशीही न गाठलेला माझा मित्र. अमरावतीत राजापेठेत राहायचा, लग्नांचं शूटिंग करून पोट भरायचा, आणि आयुष्यात त्यानं सिनेमा केला तो एकच.

त्याची बायको वैशाली, तिला मी फोन केला. दुसरा फोन मस्कतला करायचा होता, त्याच्या थोरल्या भावाला. देवीदासशी मी कधी बोललो नव्हतो, पण गजूच्या सिनेमात मी देवीदासच झालो होतो. त्याच्यासारखा चाललो होतो, त्याच्यासारखा चिडलो होतो. आता त्यालाच सांगायचं होतं की तुझा भाऊ गेला.  तो म्हणाला, "मालक लगेच सुटी देत नाई सर. तेरवीपावतर पोचतो मी."

मी अकोल्याच्या एका कॉलेजात शिकवतो आणि जमेल तशी हौशी नाटकं करतो. अशाच एका प्रयोगाचं चित्रण करायला गजू आला होता. प्रयोग संपल्यावर रंगपटात येऊन, ना ओळख ना पाळख, म्हणाला, "सर, तुमी चिडता तेव्हा तुमच्या मानीची शीर फुगते. माह्या भावाची अशीच फुगते." मी हसलो. तो हसला नाही. "मले एक सिनेमा करायचा हाये. तुमी माहा भाऊ व्हा."

गोष्ट त्याची स्वतःचीच होती. शेंदूरजनाघाटच्या संत्र्याच्या बागेतून दोघं भाऊ मस्कतला एसी बसवायच्या कामावर गेले. एक खोली, आणि तिच्या एकुलत्या एक खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. तिथं गजूची झोप उडाली. मग काम सुटलं, मग बोलणं सुटलं. एका दुपारी देवीदासला तो गच्चीच्या कठड्यावर उभा सापडला. त्या दिवसापासून थोरला कामावर जाताना बाहेरून कडी लावून कुलूप घालू लागला. कितीतरी महिने हे चाललं. शेवटी त्यानं गजूला विमानात बसवून दिलं. गावी आल्यावर गजू अख्खा हिवाळा बागेत खाटेवर झोपला, पण घराच्या आत काही आला नाही. भावाशी बोलणं त्यानं बंद केलं ते केलंच.

शूटिंग आम्ही गजूच्याच इमारतीतल्या एका रिकाम्या फ्लॅटला मस्कतची खोली करून केलं, भर मे महिन्यात. खाली ट्यूशन क्लास, त्याचा मराठी बोर्ड खिडकीतून दिसायचा, म्हणून खिडक्यांना काळा कागद लावला. आवाज येतो म्हणून पंखे बंद. खालची पोरं सूत्रं घोकायची थांबली आणि रस्त्यावरच्या गाड्या जरा कमी झाल्या की गजू बोटानं खूण करायचा आणि आम्ही सुरू व्हायचो. चार-दोन वाक्यं झाली की पुन्हा हॉर्न. धाकट्या भावाचं काम करणारा पोरगा एकदा घेरी येऊन पडला. आम्ही दार उघडायला धावलो, तर गजू म्हणाला, "थांबा." क्षणभरच. मग त्यानं स्वतःच दार उघडलं आणि पोराला जिन्यात नेऊन त्याच्या तोंडावर पाणी मारलं. 

त्यानं लिहिलेल्या संहितेत कॅमेरा सदोदित खोलीच्या आत होता. थोरला म्हणजे बाहेरून येणारा कडीचा आवाज. भूमिका करताना मला हे अडायला लागलं. एका दुपारी जिन्यात डबे खाताना मी विचारलं, "गजू, कडी लावल्यावर हा माणूस कुठं जातो?"

"ड्यूटीवर."

"लगेच?"

त्यानं पोळीचा घास तसाच हातात धरला. "मले काय माहीत सर? मी तं आत होतो."

थोड्या वेळानं त्यानं मोबाइल काढला आणि इतक्या वर्षांनी भावाला फोन लावला. स्पीकर सुरूच होता. कसा आहेस नाही, काही नाही. "देवीदादा, तू मले कोंडून कुठी जात होता?"

तिकडं काहीतरी यंत्र धडधडत होतं. ते बंद झालं. "कुठी जातो बाप्पा? तिथंच जिन्यावर बसून राहे मी. तू आतून दार बडवे, शिव्या दे. आवाज येऊन राहिला म्हंजे बरं वाटे. आवाज थांबला का मंग जीव घाबरे."

गजूनं फोन ठेवला. त्या दिवशी शूटिंग झालं नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं जिन्यातले पान खाऊन थुंकलेले डाग रंगवून घेतले, कॅमेरा पहिल्यांदाच दाराबाहेर आणला आणि मला पायरीवर बसवलं. संवाद नव्हते. मी नुसता बसून राहिलो. सिनेमा ज्या थोड्या लोकांनी पाहिला, त्यांना तेवढाच भाग आठवतो.

सिनेमा एका-दोन महोत्सवांत दाखवला गेला. अकोल्याच्या खेळाला खुर्च्यांची अर्धी रांगही भरली नाही. पण गजूचं काम संपत नव्हतं. लग्नसराई आटोपली की तो पुन्हा आपल्या आतल्या खोलीत कॉम्प्युटरपुढं बसायचा आणि तोच सिनेमा कापायचा, जोडायचा. मी म्हणायचो, दुसरं काहीतरी कर. "करतो न सर. हा एवढा झाला का करतो." एकदा चहा देताना वैशाली हळूच म्हणाली, "तिथून घरी आले म्हनतात, सर... पन अजून तिथंच हायेत." भावाशी फोन आता होत, पण पाऊस-पाणी, संत्र्याचा बहार एवढ्यावरच संपत. गजूला विमानात बसणं शक्य नव्हतं आणि देवीदास येतो येतो म्हणत येत नव्हता. सिनेमाही त्यानं पाहिला नव्हता.

तेरवीला तो आला. माझ्याहून बुटका, केस पार पांढरे, पाहुण्यांत कुठं बसावं हे न कळून दाराशीच उभा राहिलेला. जेवणं आटोपल्यावर, माणसं पांगल्यावर म्हणाला, "सर, मले तो सिनेमा दाखवा."

वैशाली, तो आणि मी, आम्ही आतल्या खोलीत बसलो. जिन्याचा प्रसंग येईपर्यंत तो हलला नाही. माझ्या अंगात त्याच्यासारखाच शर्ट, त्याची बसण्याची लकब... ते दिसताच त्यानं मान खाली घातली.

"बंद करा सर. मी एवढा चांगला नोहतो." मी थांबवलं. "पयले दोन-चार दिवस बसलो. मंग कामावर जात होतो रोज. थो दार बडवे अन् मी जिना उतरून निंगून जाओ. फोनवर कसं सांगतो? त्यानं इतक्या सालानं इचारलं... तोंडातून खोटं निंगून गेलं."

 वैशाली शांतपणे म्हणाली, "त्यायले माहीत होतं, दादा."

"काय माहीत होतं?"

"तुमी उतरून जात होते थे. आतून पायाचा आवाज ये म्हने. एकेक पायरी ऐकू ये. मले लग्नाच्या साली सांगतलं होतं त्यायनं."

देवीदास तिच्याकडं वळला. "मंग... हे असं काहून केलं?"

"मीबी इचारलं होतं. तं म्हने, भाऊ बसलो होतो म्हनते न, मंग बसवू त्याले."

खाली क्लास सुटला होता. पोरं सायकली, स्कूटी काढत होती, त्यांचा गलका येत होता. देवीदासनं दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं.  वैशाली उठली, कॉम्प्युटरमध्ये शोधून त्या प्रसंगाचं न कापलेलं चित्रण तिनं लावलं. ते मीही पाहिलेलं नव्हतं. मी पायरीवर बसलेला आहे, घाम गळतो आहे. काम झालं समजून मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागतो. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून गजूचा आवाज येतो, घोगरा, अगदी जवळचा.

"उठू नका... अजून थोडं बसा. आत्ताच जाऊ नका."

पडद्यावर मी पुन्हा बसलो. इकडं देवीदास खुर्चीवरून खाली उतरला, फरशीवर मांडी घातली, आणि चित्रण संपून पडदा काळा झाला तरी तिथंच बसून राहिला.