कुसुमावतीवहिनींचा लाडका रस्ता

परदेश मी पाहिला तो जव्हारच्या बाजारात, माझ्या भांड्यांच्या दुकानात स्टुलावर बसून. रोज दुपारी दीडला मोबाईल वाजायचा आणि कुसुमावतीवहिनी म्हणायच्या, "बळवंतभाऊजी, निघाले हो." तिकडे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असायचे. मग अर्धा तास त्या बार्सिलोनात चालायच्या आणि मी आलेलं गिऱ्हाईक सोडून त्यांच्याबरोबर.

वहिनींचं कापडाचं दुकान माझ्या अगदी समोर. नवरा गेल्यावर सोळा वर्षं त्यांनी ते एकटीने चालवलं. गेल्या उन्हाळ्यात दुकानातच चक्कर येऊन पडल्या. तन्मय, त्यांचा एकुलता एक, बार्सिलोनाहून धावत आला आणि त्यांना घेऊनच गेला. आई आता कायमची माझ्याकडे, दुकान बंद, असं त्याने ठरवून टाकलं. जागा एका मोबाईलवाल्याला हवी होती. दसऱ्याला चावी त्याच्या हातात द्यायची, आणि हे पुण्यकर्म माझ्याकडे आलं. मी वहिनींना विचारलं तर म्हणाल्या, "मुलगा म्हणतोय ना." मला ते उत्तर पटलं नाही, पण मी गप्प बसलो. एरवी मला गप्प बसवायला चार माणसं लागतात.

तिकडे त्यांचा एक लाडका रस्ता होता. नाव रांबला दे कातालुन्या. वहिनी त्याला "आपला रस्ता" म्हणत. मधोमध चालायची ऐसपैस वाट, तिच्या दोन्ही कडांना सावलीची झाडं, त्यांच्यापलीकडे गाड्या आणि मग काचांची दुकानं. रस्त्याच्या एका टोकाला पितळेसारखा दिसणारा बैल हनुवटीला हात लावून विचार करत बसलेला. दुसऱ्या टोकाला नखरेल जिराफ आडवा पडलेला. वहिनी रोज बैलापासून निघायच्या आणि जिराफापाशी थांबायच्या. "बैलाला एवढा कसला विचार पडलाय हो?" मी विचारायचो. "मोबाईलवाल्याला जागा द्यावी की नाही याचा," असं त्या एकदा म्हणाल्या, आणि लगेच फोन दुकानाच्या काचेकडे वळवला. मी हसलो खरा, पण मला ते लागलं.

काचेतलं कापड त्या मला रोज दाखवायच्या. पोत, काठ, शिवण, सगळ्यावर टीका. दुकानात मात्र कधी शिरायच्या नाहीत. भाषा येत नाही, आणि मुलाला कमीपणा नको.

दसऱ्याला आठ दिवस होते. त्या दिवशी शनिवार, म्हणून तन्मयही बरोबर होता. डोंगरातल्या वांगणी गावची गोदी माझ्या दुकानात बसली होती. गोदी मजुरी करते, दिवाळीनंतर घरातले सगळे ठाण्याकडे कामाला जातात. तिच्या लेकीचं, रुपीचं, लग्न ठरत होतं आणि लुगड्यासाठी आलेली ही बाई समोरच्या बंद दाराकडे बघत होती. फोन वाजला तशी तीही स्क्रीनमध्ये डोकावली.

तिकडे एका दुकानाच्या दारातच लाल शाली टांगल्या होत्या. लाल रंग दिसल्यावर वहिनींना राहवेना. आत गेल्या, एका शालीचा कोपरा जिभेने ओला केला आणि आपल्या पांढऱ्या रुमालावर घासला.

आमच्याकडे याचं कुणाला काही वाटत नाही. डोंगरातल्या बायका लाल कापड असंच पारखून घेतात, आणि वहिनींनी त्यांना कधी अडवलं नाही. उलट गादीवर शेजारी बसवून त्या स्वतःच कोपरा पुढे करायच्या. पण तिथली पोरगी किंचाळलीच. तन्मयचा चेहरा त्या शालीहून लाल झाला. "आई, अगं काय करतेस! चल बाहेर!"

रुमालावर लालभडक डाग पडला होता.

"गेला ना रंग?" गोदी माझ्या हातातल्या फोनमध्ये ओरडली. "नको घेऊ काकी! ठेव परत!"

जव्हारचा तो आवाज त्या दुकानभर घुमला. वहिनी खळखळून हसल्या. मग काय झालं कुणास ठाऊक, त्यांनी पदर खोचला आणि मालकिणीला रुमाल दाखवून सरळ मराठीत सुनावलं, "बाई, हे एका धुण्यात जाईल. ती खालची द्या, ती चांगली आहे." मालकिणीने डाग पाहिला, वहिनींकडे पाहिलं, आणि खालची शाल काढून दिली. ती पक्की निघाली. दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली, आपापल्या शाली त्यांच्यापुढे धरू लागली. कुणीतरी खुर्ची आणली. वहिनी ऐटीत बसल्या आणि एकेक कापड मांडीवर घेऊन हे घ्या, हे नको, असं सांगत सुटल्या.

"काकी, मंग हितं ये ना," गोदी म्हणाली. "दुसरीकडं उभ्या उभ्याच दाखवतात. रुपीला तुज्याकडनंच घ्यायचं हाय."

वहिनींचा हात थांबला. "लग्न कधी आहे गं?"

"तू येशील तवा धरू."

वहिनींनी डोळे पुसले आणि फोन बंद केला.

संध्याकाळी तन्मयचा फोन आला. "काका, बाबा गेले तेव्हा मी पोचलो नाही. आईचं तसं होईल ही भीती मला झोपू देत नाही. म्हणून आणलं तिला. रोज विचारतो, काय हवं? म्हणते, काही नको. आज दुकानात तिचा आवाज ऐकला. लहानपणी मी आपल्या दुकानात गादीवर झोपायचो तेव्हा ऐकायचो ना, तसाच. इथे आल्यापासून तो ऐकलाच नव्हता." मग म्हणाला, "मोबाईलवाल्याला नाही सांगा. मीच घेऊन येतो तिला."

मोबाईलवाल्याला नाही सांगताना मला किती आनंद झाला, ते काय सांगू! तो चिडला, मी अजिबात चिडलो नाही. मला ओळखणाऱ्यांचा यावर विश्वास बसणार नाही.

दसऱ्याच्या आधी दोघं आले. औषधाच्या वेळा, दर महिन्याची तपासणी, दर पावसाळ्यात दोन महिने तिकडे त्या रस्त्यावर, अशा सगळ्या अटी तन्मयने आईकडून कबूल करून घेतल्या. दुकान उघडलं त्या दिवशी गोदी, रुपी आणि त्यांच्या पाड्यातल्या पाच बायका गादीवर ठाण मांडून बसल्या. तन्मय माझ्या स्टुलावर बसून नुसता समोर बघत होता.

"काका, मी हे बंद करणार होतो," तो हळूच म्हणाला.

"आणि मी चावी देणार होतो," मी म्हणालो. "तोंड उघडायची हिंमत झाली नाही माझी."

इतक्यात समोरून खणखणीत हाक आली. "तन्मय! बसलायस काय? त्या वरच्या फळीवरच्या घड्या काढ, माझा हात पोचत नाही!"

तो चपला तिथेच टाकून धावला.